पाच ताऱ्यांचे गिअरगुरुजी

अकोल्याच्या जुन्या शहरात गिअरगुरुजींइतका संशयी माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतका भोळाही झाला नाही. दोन्ही माणसं एकाच धोतरात राहत होती, ही खरी गंमत. भाजीबाजारात वांगं घ्यायचं तर ते देठाला धरून उन्हात असं फिरवायचे, की वांग्यालाच आपल्या आत अळी असावी असा संशय यायचा. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून थेंब नखावर उभा राहतो का ते बघायचे. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की मुलाच्या पणजोबांना दमा होता का इथपर्यंत चौकशी पोचायची. सोनाराचा काटा त्यांना पटत नसे, हवामान खात्याचा अंदाज पटत नसे. सख्ख्या भावाने सांगितलेला मुहूर्तही ते घरी येऊन पुन्हा काढून बघत. पण सातासमुद्रापलीकडच्या कुण्या अनोळखी गोऱ्याने सायकलच्या एखाद्या नटाखाली पाच पिवळे तारे लावून ‘अप्रतिम’ असं लिहिलं, की गुरुजींचे डोळे भरून यायचे.

“काय कारण असन बाप्पा त्याले खोटं बोलायचं?” ते मलाच विचारायचे. “ना त्याच्या घरचं कार्य, ना आपल्या घरचं. तरी बसून एवढं लिह्यलं ना बिचाऱ्यानं!”

मी त्यांचा शेजारी. भिंतीला भिंत लागून घर. शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे जे जसं आहे तसंच सांगायची सवय आहे, वाढवून सांगणं मला जमत नाही. तेव्हा पुढे जे येईल ते निमूट मान्य करावं.

गुरुजींना सायकल दिली ती त्यांच्या नाशिकच्या मुलाने, साठीशांतीच्या दिवशी. साधी नव्हे, डोंगरात चालवायची. जाड टायर, पुढे शॉकअॅब्सॉर्बरवाला फोर्क, मागे गिअरची अशी चळत की बघणाऱ्याला चकल्यांचा साचा वाटावा. मुलाचा हेतू एवढाच की वडिलांची साखर उतरावी. साखर किती उतरली ते डॉक्टरांना माहीत, पण गुरुजी त्या सायकलवर चढले ते उतरलेच नाहीत. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, पाठीवर पूजेची झोळी, कपाळावर गंध आणि डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटला वारा जायला भोकं असतात ना, त्यातल्या मागच्या भोकातून शेंडी बाहेर यायची आणि वेगात असले की ती आडवी व्हायची. मोर्णा नदीच्या पुलावर त्यांना येताना बघून नव्या शहरातले ट्रॅफिकवाले शिट्टी फुंकायची विसरायचे. आठवड्याभरात त्यांचं खरं नाव गल्लीतून गेलं आणि गिअरगुरुजी हे नाव लागलं. ते त्यांना आवडलंही. “नाव ठेवणारा गिअर टाकत नाई, टाकणाऱ्याचंच नाव ठेवते लोक,” असं काहीतरी ते म्हणायचे. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

सायकल चांगली होती. ती तशीच राहिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. पण एकदा मुलानेच फोनवर दाखवलं की सायकलचे सुटे भाग घरबसल्या मागवता येतात आणि प्रत्येक भागाखाली घेणाऱ्यांचे अभिप्राय असतात. झालं! सकाळची आन्हिकं आटोपली की गुरुजी पाटावर बसायचे, मांडीवर उपरणं, उपरण्यावर फोन, आणि पोथी वाचावी तसे रिव्ह्यू मोठ्याने वाचायचे. इंग्रजीचं मराठी फोनच करून द्यायचा. ते मराठी असं असायचं: “मी हे आसन खरेदी केले आणि माझी पत्नी सुद्धा प्रभावित आहे.” गुरुजी थांबायचे, चष्मा काढायचे आणि आत हाक मारायचे, “ऐकलं का? त्याची बायकोसुदिक प्रभावित हाय!”

आतून काकूंचा आवाज यायचा, “तिनं गहू निवडले असतीन का आज? मले तेवढं सांगा.”

काकू म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवती. अंगाने किरकोळ, आवाजाने भरभक्कम. चाळीसेक वर्षं गुरुजींच्या मागे बसून पूजा सांगणं ऐकल्यामुळे त्यांना सगळं पाठ. गुरुजी एखादा मंत्र गाळून पुढे गेले, तर स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज यायचा आणि गुरुजी मुकाट मागे यायचे.

आता माल परत करायची सोय कंपनीने ठेवलेली असते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पसंत नाही पडलं तर माणूस येतो, घेऊन जातो. पण गुरुजींच्या घरी खोका उघडला की वस्तू सायकलला लागायच्या आधी पाटावर बसायची. हळद, कुंकू, अक्षता, फूल, गुळाचा खडा. गुरुजी गिअरच्या हाताला, म्हणजे चेन सरकवणाऱ्या दांडीला, गंध लावायचे, ब्रेकच्या चकतीवर स्वस्तिक काढायचे, मग आरती. एकदा पॅडल खरंच निकामी निघालं तेव्हा मीच आग्रहाने परत न्यायला माणूस बोलावला. त्याने खोका उघडला, हळदीने पिवळं आणि कुंकवाने लाल झालेलं पॅडल बघितलं आणि म्हणाला, “काका, हे वापरलेलं आहे.”

“वापरलं नाई,” गुरुजी शांतपणे म्हणाले, “पूजलं.”

त्याच्या फोनमध्ये त्या कारणाचं बटन नव्हतं. तो जाताना गुरुजींच्या पाया पडून गेला, प्रसाद घेऊन गेला, पॅडल मात्र ठेवून गेला.

एकेका वस्तूची कथा सांगत बसलो तर चातुर्मास पुरणार नाही. चिखल आपोआप झटकणारा टायर हा त्यातला मानकरी. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘चिखल या टायरला घाबरतो.’ त्या माणसाने चिखल पाहिला असेल, वऱ्हाडची काळी माती पाहिली नव्हती. श्रावणात गुरुजी अकोटच्या बाजूला एका शेतावर पूजा सांगायला निघाले आणि डांबरी सोडून बैलगाडीच्या वाटेला लागले. माती टायरला चिकटली. त्या मातीला दुसरी माती चिकटली. तिच्यावर गवत, गवतावर पुन्हा माती. शेतावरच्या माणसांनी लांबून पाहिलं तर एक ब्राह्मण रोडरोलर ढकलत येतोय. चाक फिरायचं थांबलं तेव्हा त्यात दोन चपला, एक पेरणीच्या तिफणीचा दांडा आणि कुणाचीतरी चिडलेली कोंबडी निघाली. कोंबडीबद्दल माझ्या मनात थोडी शंका आहे, बाकी सगळं खरं.

दुसरा मानकरी नवा मागवलेला फोर्क. ‘खड्डे लोण्यासारखे वाटतात’ असा त्याचा लौकिक. अकोल्याच्या पहिल्याच खड्ड्यात तो जो खाली बसला, तो पंगतीत बसलेल्या व्याह्यासारखा. कितीही आग्रह करा, उठायचं नाव नाही. मग ‘पंक्चर हा शब्द विसरून जाल’ असा बिनट्यूबचा टायर आला. त्याच्या पोटात दुधासारखा पांढरा चीक भरतात, भोक पडलं की तो आपोआप बुजवतो म्हणे. आमच्या बाभळीच्या काट्याने त्याला अशी भेट दिली की चीक भोकातून कारंजासारखा उडाला आणि मागून येणारे एक निवृत्त तहसीलदार पांढरे झाले.

गुरुजी चिडले का? छे! मेलेल्या वस्तूलाही त्यांच्याकडे रीत होती. माजघरातल्या भिंतीत एक लांब फळी होती. निकामी भाग स्वच्छ पुसून ते त्या फळीवर मांडायचे, त्यावर अक्षता टाकायचे आणि उत्तरपूजेत मूर्ती हलवतात तशी ती वस्तू बोटाने जराशी सरकवायचे. देवाला निरोप देताना शेवटी ‘पुनरागमनाय च’ म्हणतात, म्हणजे पुन्हा या. गुरुजी तेवढे दोन शब्द गिळायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “अबे, देवाले म्हणतो या म्हणून. ह्याले काहून म्हणू? हा पुन्हा आला तं माझे गुडघे राह्यतीन का?”

एकदा मला बसायला मऊ सीटकव्हर हवं होतं. माझी साधी सायकल, शाळेत जायची. फोनवर शोधलं तर एका कव्हरखाली शुद्ध मराठीत पाच तारे: ‘ढगावर बसल्याचा अनुभव. दाता सुखी भव. — अकोल्याचा एक समाधानी ग्राहक.’ आपल्या गावचा माणूस म्हणतो म्हटल्यावर मी डोळे मिटून मागवलं. चार दिवसांत ढग फाटला आणि आतला खिळा भेटला. लंगडत शेजारी गेलो तर तसंच कव्हर माजघरातल्या फळीवर, अक्षतांसकट!

“गुरुजी, हा समाधानी ग्राहक तुम्ही?”

“मग कोन?”

“अहो, तुमचंही फाटलं होतं ना? मग पाच तारे कशाला दिले?”

गुरुजी मला हाताला धरून बसवू लागले. अर्थात मी उभाच राहिलो. “हे पाह्य,” ते म्हणाले, “मी हे कोठी बसून लिहून राहिलो? घरात. घरात बसून वाईट बोलू नाई, लिहू नाई. वास्तू तथास्तु म्हणते. मी ‘भंगार’ लिह्यलं आन वास्तू तथास्तु म्हणाली, तं उद्या घरातलं सगळंच भंगार होईन.”

“आणि माझ्यासारखा माणूस फसला तर?”

तेव्हा ते हसले. पुढचे दोन दात नसल्यामुळे त्यांचं हसू फार मोकळं असायचं. म्हणाले, “बाबू, मी आजलोक किती लग्नं लावली असतीन? झाडून सगळ्याइले ‘नांदा सौख्यभरे’ म्हटलं. सगळेच नांदले का? तुझ्या समोरच्याच घरात पाह्य, रोज लाटणं उडते. पण कोनी आलं का मले म्हणाले, की गुरुजी, तुमचा आशीर्वाद फेल गेला, परत घ्या? रिव्ह्यू आशीर्वाद असते रे. हमी नसते.”

मी खिळा विसरून त्यांच्याकडे बघत राहिलो. पंतोजी असून मला त्यावर उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

पण काकूंना सुचलं. निमित्त झालं सत्यनारायणाचं. पुलापलीकडे एका घरी पूजा होती आणि प्रसादाचा शिरा काकूंच्या हातचा जायचा होता. डबा गुरुजींनी नव्या कॅरिअरला लावला. त्या कॅरिअरखाली कुणी लिहिलं होतं की त्यावरून त्याने आपलं लहान मूल आणि एक मोठा कुत्रा आल्प्स पर्वत ओलांडून नेला. मोर्णेच्या पुलावर कॅरिअर निखळलं. शिरा पुलावर, केळीची पानं नदीत, गुरुजी कठड्यावर. गायी जमल्या, गर्दी जमली. बातमी काकूंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

त्या संध्याकाळी मी ओसरीवर होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. काकू म्हणाल्या, “आता बास झालं. पोरानं लाइटवरची स्कूटी पाठवली, ते महिन्यापासून अंगणात झाकून ठेवली हाय. उद्यापासून तिच्यावर जायचं. हे लोखंड भंगारवाल्याले.”

“तिच्यात माझं काय कर्तृत्व?” गुरुजी कळवळून म्हणाले. “बटन दाबलं का पयते!”

“तुमचं कर्तृत्व पुलावर गायीनं खाल्लं.”

मग गुरुजींनी त्यांच्या मनातलं बाहेर काढलं. पुढल्या आठवड्यात सेमाडोहला वास्तुशांत होती. माझी बहीण अमरावतीला दिली आहे; आमचे जावईबापू तिथे वकील. त्यांनी मेळघाटच्या जंगलात पर्यटकांसाठी घर बांधलं होतं आणि वास्तुशांतीला गुरुजींनाच बोलावलं होतं. गुरुजी म्हणाले, “परतवाड्यावरून घाट चढून सेमाडोहले सायकलवर जातो. मुहूर्ताच्या आत पोचलो, तं सायकल घरात राहीन. नाई पोचलो, तं मी आपल्या हातानं भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवीन आन तुमच्या स्कूटीवर बसीन. चूप.”

काकू म्हणाल्या, “मुहूर्त चुकला तं? दुसऱ्याच्या घरचं कार्य हाय.”

“चुकनार नाई.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “मग पाहून घेऊ.”

पुढचे दिवस गुरुजी झोपेतही गिअर बदलत असावेत. घाटासाठी त्यांनी सगळ्यात नावाजलेले भाग लावले. पुन्हा एक चिकाचा बिनट्यूब टायर. एका बोटाने थांबवणारे तेलाचे ब्रेक. बटन दाबलं की खालीवर होणारी सीट, जिच्यावर ‘सिंहासन’ असा एकाच शब्दाचा अभिप्राय होता. चढावर लोण्यासारखा बदलणारा गिअर. सगळ्यांची यथासांग पूजा झाली. आदल्या दिवशी एसटीच्या टपावर सायकल टाकून ते परतवाड्याला लागून असलेल्या अचलपूरला नातेवाइकांकडे मुक्कामी गेले, आम्हीही बरोबर होतो. मी आणि काकू पूजेचं सामान घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून जीपने निघालो. गुरुजी पहाटेच गेलेले होते.

घाट सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर काकू ओरडल्या, “थांबवा, थांबवा!” रस्त्याच्या कडेला एक पॅडल पडलेलं होतं. हळद लागलेली, म्हणजे ओळख पटवायचा प्रश्नच नव्हता. काकूंनी ते उचलून पदरात घेतलं. पुढच्या वळणावर रस्त्यावर पांढऱ्या चिकाची लांब रेघ होती, रांगोळीसारखी. त्यापुढे एक स्प्रिंग. त्यापुढे गिअरचा हात, मुरगाळलेला. काकू प्रत्येक वेळी उतरायच्या, उचलायच्या आणि पदरात बांधायच्या. तोंडाने एक शब्द नाही. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद लपवतायत.

आणि मग स्वतः गुरुजी दिसले. सिंहासन पार तळाला जाऊन बसलं होतं. उरलेल्या एका पॅडलवर कसाबसा जोर देत ते चालवत होते, आणि गुडघे कानांपर्यंत येत होते. घामाने गंध नाकापर्यंत उतरलं होतं. शेजारून एक माकड चालत होतं, चालत हं, आणि ते मधूनमधून थांबून यांची वाट बघत होतं.

“काकू, घ्यायचं का त्यांना गाडीत?” मी विचारलं.

“गाडीत घेतलं तं हरले म्हणायचे,” काकू म्हणाल्या. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, “जरा हळू घे रे, बाबू.” जीप गुरुजींच्या बरोबरीला आली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून एक तिळाचा लाडू पुढे केला. गुरुजींनी तो तोंडानेच घेतला, हात सोडायची सोय नव्हती. पुढच्या वळणाआड गुरुजी दिसेनासे होईपर्यंत काकू मागे वळून बघत होत्या. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला भूगोल येतो, बाकी फारसं काही येत नाही.

सेमाडोहला सगळं तयार. तोरण लागलेलं, कलश मांडलेला, माझी बहीण आणि जावईबापू सोवळ्यात पाटाशी उभे. मुहूर्त अकराच्या आतला, स्वतः गुरुजींनीच काढलेला. साडेदहा वाजले. पावणेअकरा वाजले. जावईबापू वकील माणूस, त्यांचा सगळा संसार मुदतीवर चाललेला. ते अंगणात येरझाऱ्या घालू लागले.

“काकू, मुदत संपत आली. मुदत टळली की दावा बाद होतो.”

“हे कोर्ट नव्हं, बापू. बसा.”

अकरा वाजले. जावईबापूंचा तोल गेला. “झालं! आता कसले येतात गुरुजी. एवढं घर बांधलं आणि पहिल्याच दिवशी कार्य बिघ—”

“चूप बसा!” काकूंचा आवाज असा कडाडला की कलशातलं पाणी हललं. “नव्या वास्तूत उभे राहून असं बोलता? वास्तू तथास्तु म्हणते! समजते का काही?”

जावईबापूंनी ओठ दाबले. न्यायाधीशासमोरही मी त्यांना इतकं गप्प झालेलं पाहिलं नाही. काकूंनी झोळीतून पंचांग काढलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून, ते न उघडताच म्हणाल्या, “अकराचा होता तो साधा मुहूर्त. खरा उत्तम योग आता लागते. बाराच्या आत कधीबी संकल्प सोडा. असा योग वर्षानुवर्षं येत नाई. म्हणून तं यायनं मुद्दाम उशीर लावला.”

“खरंच?” जावईबापूंचा चेहरा उजळला. “मग आधी सांगायचं ना!”

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताबडतोब तोरणाकडे पाहू लागलो.

तेवढ्यात घाटाकडून एक आवाज आला. मी वाघाची डरकाळी ऐकली आहे, रेल्वेचं इंजिन ऐकलं आहे, आमच्या मुख्याध्यापकांचं भाषणही ऐकलं आहे. पण असा आवाज नाही. झाडावरची माकडं पटापट उतरून वस्तीत आली. मोर उडाले. पुढे कित्येक दिवस पर्यटकांना त्या बाजूला वाघ दिसला नाही म्हणतात. तो आवाज एका बोटाने थांबवणाऱ्या ब्रेकचा होता. एक बोट सोडा, गुरुजींनी दोन्ही हातांची सगळी बोटं त्यावर आवळलेली होती आणि सायकल आवाज तेवढा करत होती, थांबत नव्हती.

घाटमाथ्यापर्यंत पोचता पोचता चेन तुटली होती. ती त्यांनी जानव्यासारखी डाव्या खांद्यावरून घेतली होती. माथ्यापासून पुढे उतारच उतार, त्यामुळे सायकल आपोआप येत होती. अंगभर पांढरा चीक वाळलेला, साक्षात भस्म फासल्यासारखा. धोतराचा अर्धा सोगा मेळघाटातच राहिलेला. शेंडी आडवी. ते फाटकातून आत आले, तोरण गळ्यात घालून पुढे गेले, माझ्या बहिणीच्या रांगोळीवरून गेले आणि बांधकामाच्या उरलेल्या वाळूच्या ढिगात घुसून थांबले. पण सायकलवरून उतरलेले नव्हते. वाळूत पुढचं चाक गाडलेलं, आणि वर गुरुजी ताठ बसलेले.

“पाय धुवायले पाणी आणा,” ते म्हणाले.

विहिरीवर दोन बादल्या डोक्यावर ओतून, जावईबापूंचं नवं धोतर नेसून ते पाटावर आले. समोर भिंतीवर घड्याळ होतं. गुरुजींची नजर त्यावर गेली आणि तिथेच राहिली. मुहूर्त त्यांनीच काढलेला होता, त्यांना कोण काय सांगणार? चेहऱ्यावरचं पाणी पुसायचं विसरले. मग हळूच मान वळवून काकूंकडे बघून म्हणाले, “टळला ना?”

“कसा टळन?” काकू समया लावत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. “मी बसली ना एथी.”

मग त्यांनी पळीत पाणी घेतलं आणि संकल्प असा खणखणीत सांगितला की जंगलातून प्रतिध्वनी आला. तसली वास्तुशांत मी नंतर पाहिली नाही. एक मंत्र गळला नाही, भांडं आपटायची वेळ आली नाही.

जेवणं झाली. वांग्याची भाजी, पुरण, वर तूप. मग विड्याची पानं लावत असताना काकूंनी पदराची गाठ सोडली आणि गोळा केलेले सगळे भाग गुरुजींपुढे ओतले. आता निकाल. मी पान तोंडात तसंच धरून ठेवलं.

“सायकल राहू द्या घरात,” काकू म्हणाल्या. “मुहूर्तावर पोचले, शब्द खरा झाला. पण यापुढं रिव्ह्यू मी वाचीन. आन एक ताऱ्याचे आधी.”

परत येताना जीपमध्ये गुरुजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, “पाह्यलं का बे? या बाईनं आज मले पाच तारे देल्ले. आन तुले सांगतो, मी तेवढ्या लायकीचा नाई.” डोळे पाणावले होते. चिकामुळे असतील, असं मी धरून चाललो.

त्यानंतर जुन्या शहराने जे दृश्य पाहिलं ते सांगायलाच हवं. अंगणातली स्कूटी काकूंनीच चालवायला घेतली. पुढे गुरुजी सायकलवर, मागे काकू स्कूटीवर प्रसादाचा डबा घेऊन. पुलावर गुरुजींचं काही निखळलं तर काकू मागून हॉर्न वाजवायच्या आणि भाग उचलून डिकीत टाकायच्या. दुपारी ओसरीवर बसून त्या एक ताऱ्याचे रिव्ह्यू वाचायच्या आणि त्यांना अशी गोडी लागली की टीव्हीवरच्या मालिका बंद पडल्या. “ऐका, ऐका,” त्या हाक मारायच्या, “याची सीट तं पहिल्याच दिवशी गेली! कसा रडला हाय बिचारा!” गुरुजी कळवळायचे, “वाचू नका घरात, वास्तू तथास्तु म्हणते!” काकू म्हणायच्या, “मी वाचून राहिली, लिहून नाई राहिली.”

मागल्या वर्षी मुलाने दोघांना नाशिकला बोलावून घेतलं. नातवाची मुंज जवळ आली होती आणि शिकवायला आजोबाच हवे होते. सामानाचा टेम्पो आला तेव्हा काकूंनी सगळ्यात आधी सायकल चढवायला लावली, गादीत गुंडाळून. कपाट नंतर, देव्हारा त्यांच्या मांडीवर. फळीवरचा पसारा मात्र गुरुजींनी मला दिला. “नाशिकले नवे होतीन,” ते म्हणाले, “त्याची काळजी नको करू.”

मी त्यांच्या तळहातावर दही ठेवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या. सगळे बाहेर निघत होते तेव्हा मी त्यांना रिकाम्या माजघरातच थांबवलं. वास्तू ऐकेल अशा बेताने, अंगणात न जाता, मोठ्याने म्हणालो, “पुनरागमनाय च.”

जे दोन शब्द त्यांनी सायकलच्या भागांना कधीच म्हटले नव्हते, ते ऐकून गुरुजी हसले. तेच मोकळं, दोन दात नसलेलं हसू. बाहेर टेम्पोत बसलेल्या काकूंनी हॉर्न वाजवला.

ती फळी आता माझ्या घरात आहे. दर गुरुवारी पुसतो. परवा सहज फोन चाळत होतो, तर सायकलच्या एका नव्या घंटीखाली मराठी अक्षरं दिसली. ‘हिच्या नादाने डोंगर जागा होतो. दाता सुखी भव. पाच तारे. — नाशिकचा एक समाधानी ग्राहक.’

घंटी मोडली, हे मला लगेच कळलं. गुरुजी ठणठणीत आहेत, हेही कळलं. मी ती घंटी मागवली आणि फळीवर जागा करायला उठलो.